धनश्रीच्या सात फायली

गंगाखेडला तहसीलसमोर टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मची मिळून अकरा दुकानं आहेत. बायोडाटा अकराही ठिकाणी निघतो, तरी लग्नाचा बायोडाटा म्हटला की माणसं सिद्धोधनच्याच दुकानाची पायरी चढतात. त्याचं टायपिंग फार देखणं आहे असं नाही, ठीकठाक आहे. पण पोरीचं वय टाईप करताना तो मान वर करून पोरीकडे बघत नाही. बाकीचे दहाजण बघतात.

धनश्रीकडे मात्र तो बघायचा. वय टाईप करताना नव्हे, त्याच्या आधी आणि नंतर. सात वर्षांत ती सात वेळा आली होती आणि सातही वेळा ती गेल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने दोनदोनदा विचारलं होतं, काय काम आहे म्हणून. सगळं गंगाखेड त्याला भाऊ म्हणतं, ती कधी म्हणाली नाही. ती त्याला नुसतं ‘तुमी’ म्हणायची. एवढ्याशा ‘तुमी’वर या माणसाने सात वर्षं काढली. याला शहाणपण म्हणायचं तर म्हणा, मी म्हणणार नाही.

माघातली दुपार होती. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्या होत्या आणि प्रत्येक ट्रॉलीसरशी दुकानाच्या काचा थरथरत होत्या. धनश्री आली, ती पायरीवरच थांबून शटरला चिकटवलेला कागद वाचत उभी राहिली.

“जुना कॉम्प्युटर विकायलात?”

“हो मॅडम. नवा घेतला. हा लय हळू चालायलाय. परभणीचा एकजण उद्या न्यायला येणार हाय.”

“त्याच्यात माझे बायोडाटा हायत ना?”

“हायत.”

“ते काढून टाका. सगळे.”

ती बाकावर बसली. धनश्री म्हणजे लिंगराज गुरुजींची एकुलती एक लेक. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि बोलणं असं कडक की दुकानातला पंखासुद्धा सरळ फिरावा. गेल्या भाद्रपदात ते लिंगैक्य झाले. आई तर धनश्री सहावीत असतानाच गेली होती. आता पस्तिशी ओलांडलेली ही बाई कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना शिकवते आणि संध्याकाळी रिकाम्या घरात जाते. सिद्धोधनला हे सगळं माहीत होतं. तिच्याबद्दल गावात जे जे माहीत करून घेता येतं, ते त्याला माहीत होतं.

“काही झालं का?” त्याने विचारलं.

“वालूरची माणसं आली होती परवा. कुणा मध्यस्थानं त्यांला पहिल्या वर्षीचा बायोडाटा दिला. त्याच्यावरचा फोटो बघून आली, अन् मला बघून एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली. मी एकटी. चहा बी मीच केला, उत्तरं बी मीच दिली.” ती थोडी हसली. “आता बास. मला आता कुणाच्या मोबाईलमदी न्हाई राहायचं, कॉम्प्युटरमदी न्हाई राहायचं. जिथं जिथं हाय तिथून काढायलेय मी मला.”

सिद्धोधनने जुन्या कॉम्प्युटरवर ‘बायोडाटा’ नावाचं फोल्डर उघडलं. धनश्री एक ते धनश्री सात. सातही फायली निवडल्या, डिलीटचं बटण दाबलं, कचऱ्याची टोपली रिकामी केली. ज्या फायली तो कधीकधी काम नसतानाही उघडून बसायचा, त्या जायला तीन सेकंद लागले.

“झालं,” तो म्हणाला.

“न्हाई झालं,” ती म्हणाली. “पोरांना हेच शिकवते मी. ह्यानं नुसतं हजेरीतलं नाव खोडलं. पोरगं वर्गातच बसलेलं हाय.”

तिचं बरोबर होतं आणि ते त्यालाही पक्कं ठाऊक होतं. डिलीट केलेली फाईल डिस्कवर जशीच्या तशी पडून असते. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत कुणीही जाणता माणूस ती उकरून काढू शकतो. त्याने स्वतः कितीतरी जणांचे पुसलेले फोटो असे काढून दिले होते. खरोखर पुसायचं तर डिस्कच्या सगळ्या रिकाम्या जागेवर दुसरं काहीतरी गिरवावं लागतं. त्याची एक आज्ञा असते. ती दिली की कॉम्प्युटर तीन फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत सगळीकडे शून्य, दुसरीत सगळीकडे एक, तिसरीत वाटेल ते आकडे. एका फेरीने पुसलेल्याचा थोडा माग राहतो म्हणतात, म्हणून तीन. त्यानंतर मात्र कुणाच्या बापालाही काही सापडत नाही.

“दोन-अडीच तास लागतील ह्या डब्याला,” तो म्हणाला.

“बसते मी. आज क्लासला सुट्टी हाय.”

त्याने आज्ञा टाईप केली. काळ्या पडद्यावर एकेक टिंब उमटायला लागलं. सिद्धोधनच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगायला त्याला लाज वाटेल, पण आलं ते खरं. ती आजवर सगळ्यात जास्त बसली होती ती वीस मिनिटं, लाईट गेली म्हणून. आज अडीच तास. त्याला आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठच भीती आली, कारण त्या फायलींमध्ये काय होतं ते तिला माहीत नव्हतं आणि त्याला माहीत होतं.

बायोडाटा बनवायची या धंद्यातली पद्धत अशी, की कोरा कागद कुणी घेत नाही. आधीच्या पोरीची फाईल उघडायची, तिचं नाव खोडून हिचं घालायचं, तिची उंची काढून हिची घालायची आणि नव्या नावाने जपून ठेवायची. धनश्रीचा पहिला बायोडाटा चारठाण्याच्या एका मुलीच्या फायलीवर बनला. गुरुजींनी सगळा मजकूर चिठ्ठीवर लिहून आणला होता. जन्मवेळ ‘सायं. ५.४०’. सिद्धोधनने आकडे बदलले, पण त्यांच्या आधीचा शब्द बदलायचा राहिला. चारठाण्याची मुलगी पहाटे जन्मली होती. धनश्रीच्याही नावापुढे छापलं गेलं, ‘पहाटे ५.४०’.

गुरुजींनी छापलेला कागद वाचला, पण त्या ओळीवर त्यांची नजर थांबली नाही. “हे वेळबिळ लोकांसाठी लिहा,” ते म्हणाले होते. “आमच्या गळ्यात लिंग हाय. ग्रह आमचं काय करतेत?” धनश्रीला तर आपली जन्मवेळ कुणी सांगितलीच नव्हती. सांगणारी आई नव्हती.

पुढच्या वर्षी तीच फाईल उघडून वय बदललं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. चूक आपली आपण पुढे चालत राहिली.

ती सिद्धोधनला सापडली तिसऱ्या वर्षी, आणि कशी सापडली ते ऐका. सिद्धोधनची आई पंचफुलाबाई. त्यांच्या बौद्ध घरात पंचांग येत नाही. कॅलेंडर आलं तर त्याची मागची बाजू वाचायची नाही, असा त्या माउलीचा दंडक. अशा आईच्या मुलाने एका दुपारी आईला विचारलं, “माझा जन्म किती वाजता झाला गं?” कशाला, तर म्हणे ऑनलाईन फॉर्म भरायचाय. “सरकारला आता टाईम बी लागायला का?” म्हणत आईने सांगितला. मग याने दुकानात येऊन, शटर अर्धं ओढून, फुकट पत्रिका जुळवून देणाऱ्या एका वेबसाईटवर एका बाजूला आपलं नाव टाकलं आणि दुसऱ्या बाजूला धनश्रीचं. तिची वेळ त्याने गुरुजींच्या चिठ्ठीवरून घेतली. चिठ्ठ्या तो खोक्यात जपून ठेवायचा. ही तर जरा जास्तच जपली होती.

छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळले. खाली लिहून आलं, वधूला मंगळ नाही. ज्याच्यावर आपला काडीचा विश्वास नाही त्या गोष्टीने आपलं एवढं भलं चिंतावं, याचं त्याला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही आलं. मग तिचा बायोडाटा उघडून तो तिचा फोटो बघत बसला, आणि फोटोशेजारी त्याला ‘पहाटे’ दिसलं.

त्याने पहाटेची वेळ टाकून पाहिली. वधूला कडक मंगळ.

म्हणजे तीन वर्षं येणारं प्रत्येक स्थळ हेच बघत होतं. सांगायला कुणी येत नव्हतं, नुसतं ‘पत्रिका जुळत न्हाई’ म्हणून कळवत होतं. एक शब्द बदलायचा होता. शब्द बदलला असता तर तिचं लग्न जमलं असतं, आणि जमलं असतं तर ती पुन्हा बायोडाटा काढायला आली नसती. सिद्धोधनने फाईल बंद केली. मनाशी म्हणाला, आपला कुठं विश्वास हाय पत्रिकेवर? पहाट असो का संध्याकाळ, काय फरक पडतो? आईने आयुष्यभर ज्या विचाराने डोळे उघडले, तो विचार याने डोळे मिटायला वापरला. पुढे चार वर्षं चार बायोडाटा त्याने जाणूनबुजून तसेच छापले.

पडद्यावर दुसरी फेरी सुरू झाली. सिद्धोधनने समोरून दोन चहा मागवले. धनश्री चहाचा कप दोन्ही हातांत धरून रस्त्याकडे बघत होती.

“तुमाला एक सांगू?” ती एकदम म्हणाली. “कुणालाच सांगितलं न्हाई मी. माझं लग्न झालंय एकदा.”

“कुणाशी?” सिद्धोधनने विचारलं.

“घाबरू नका, घागरीशी.” ती हसली, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. “आप्पांना शेवटी शेवटी काय झालं कोण जाणे. ज्या माणसानं जन्मभर ज्योतिषाला दारात उभं केलं न्हाई, ते गुपचूप परभणीला गेले माझा बायोडाटा घेऊन. त्यानं सांगितलं, पोरीला मंगळ हाय, कुंभविवाह करा. आधी मातीच्या घागरीशी लग्न लावायचं, मग ती घागर नदीत सोडायची, म्हणजे दोष जातो. आप्पा घरी आले अन् दोन दिवस जेवले न्हाईत. म्हणले, मी अडाण्यासारखा हट्ट धरून बसलो, माझ्यामुळं पोरीचं वाटोळं झालं. मला म्हणले, माझ्यासाठी एवढं कर. काय करता? केलं. हळद लावली मला. घागरीला मुंडावळ्या बांधल्या. आपल्या गंगेत सोडायला गेलो तर पाणी कमी, ती घागर जाईचना. आप्पा गुडघाभर पाण्यात उभे राहून हातानं लोटायले तिला. अन् रडायले. मी त्यांना रडताना तवाच बघितलं.”

तिने कप खाली ठेवला.

“त्याच्यानंतर त्यांनी लिंगपूजेला बसणं सोडलं. म्हणायचे, माझा आता अधिकार न्हाई.”

बाहेरून एक ट्रॉली गेली. काचा थरथरल्या आणि थांबल्या. सिद्धोधन काळ्या पडद्याकडे बघत होता. तासाभरात तिसरी फेरी संपणार होती. मग खोक्यातली चिठ्ठी तेवढी फाडली की त्या चुकीचा पुरावा उरणार नव्हता. ती समाधानाने उठेल, बरं झालं म्हणेल, आणि रस्त्यात भेटली तर ओळखीचं हसेल. गप्प बसलं की ते हसू आपलं. आजवर तो गप्पच बसत आला होता, त्याला त्याची चांगली सवय होती.

आणि गुरुजी गुडघाभर पाण्यात उभे होते.

तो उठला. कपाटातून खोकं काढलं, त्यातून चिठ्ठी काढली आणि तिच्यासमोर बाकावर ठेवली.

“मॅडम, तुमाला मंगळ न्हाई. तुमचा जन्म पहाटेचा न्हाई, संध्याकाळचा हाय. माझ्याकडून चुकीचं छापलं गेलं.”

तिने चिठ्ठी उचलली. वडिलांचं अक्षर तिने ओळखलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. ती ओळ तिने वाचली. पुन्हा वाचली. 

“चुकून झालं असंल,” शेवटी ती म्हणाली. आवाज कोरडा होता, पण ती त्याला वाट काढून देत होती. “माणूस हाय, चुकतो.”

तिथे थांबायचं असतं तर थांबता आलं असतं. पण एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबवेना.

“पहिल्या वर्षी चुकून. तिसऱ्या वर्षी मला कळलं.”

“तिसऱ्या?”

“हो.”

“मी तर सात वर्षं आले.” तिचे ओठ हलत होते, ती वर्षं जुळवत होती. “घागर सहाव्या वर्षी झाली.” मग तिने मान वर केली. “माझ्यावर कशाचा राग होता तुमचा?”

“राग न्हवता.”

“मग?”

सिद्धोधनने खाली बघून सांगितलं, “तुमचं जमलं असतं तर तुमी परत आल्या नसत्या.”

दुकानात पंखा फिरत होता. धनश्री त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू एखादं पत्र फार उशिरा पोचावं आणि पाठवणाऱ्याचं नाव आधी वाचावं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, तो दिसत होता. दुसरंही काही होतं. ते बघायची हिंमत त्याला झाली नाही.

“येळ दुरुस्त करायची,” ती हळूच म्हणाली, “न्हाई तर मला विचारायचं. दोन्हीतलं एक तरी करायचं होतं तुमी.”

“थांबवू का हे?” त्याने काळ्या पडद्याकडे हात केला. “अजून काही माग सापडला तर सापडंल. लोकांना दाखवता येईल तुमाला, माझी चूक हाय म्हणून.”

“चालू द्या. कुणाला दाखवू आता? ज्यांला दाखवायचं ते मातीत गेले.” तिने चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. “नव्या कॉम्प्युटरवर एक बायोडाटा काढा. बरोबर येळेचा. एकदा तरी कागदावर बरोबर छापलेली बघू द्या मला.”

त्याने कोरं पान घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाचाही जुना बायोडाटा न उघडता बायोडाटा टाईप केला. नाव. वडिलांचं नाव, त्याच्या आधी ‘कै.’ टाईप करताना बोट अडलं. जन्मतारीख. जन्मवेळ, सायंकाळी ५.४०. शिक्षण. उंची. एकही गोष्ट त्याला विचारावी लागली नाही. शेवटी तो अपेक्षेच्या रकान्याशी आला आणि थांबला. पहिल्या वर्षी त्या रकान्यात गुरुजींनी चार गोष्टी लिहवल्या होत्या: उच्चशिक्षित, सरकारी नोकरी, स्वतःचं घर, निर्व्यसनी. मग नोकरी ‘खाजगी चालेल’ झाली. मग घराची अट गेली. सातव्या वर्षी तिथे एकच शब्द उरला होता, ‘अनुरूप’.

“अपेक्षा?” त्याने विचारलं.

“लिहा, विचारणारा.”

त्याने लिहिलं. त्या शब्दाच्या पुढे कर्सर उघडझाप करत राहिला.

“अजून काही?”

“एवढंच.”

छापलेला कागद मशीनमधून बाहेर आला. तिने तो उभ्याने, सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचला. सिद्धोधनने पान बंद केलं तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं, जपून ठेवायचं का? त्याने तिच्याकडे बघितलं, तिने नकारार्थी मान हलवली, त्याने ‘नाही’वर दाबलं. ते पान गेलं. जुन्या कॉम्प्युटरवर तिसरी फेरी केव्हाच सुरू झाली होती, आणि आता यातलं काहीही परत आणणं कुणाच्याच हातात नव्हतं. तेव्हा कुठे या माणसाला कंठ फुटला.

“धनश्री,” तो म्हणाला. मॅडम म्हणायचं राहून गेलं. “आता विचारलं तर?”

ती पायरीपाशी पोचली होती. वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

“आप्पा होते तवा विचारलं असतं, तर ते न्हाई म्हणले असते,” ती म्हणाली. “जात काढली असती, घर डोक्यावर घेतलं असतं. अन् मी हो म्हणले असते. त्यांच्याशी भांडले असते मी तुमच्यासाठी. लय भांडले असते.”

“अन् आता?”

“आता न्हाई म्हणायला घरात मी एकटीच उरलेय. अन् ते मी म्हणायलेय.”

कागद पर्समध्ये ठेवून ती पायरी उतरली आणि उसाच्या दोन ट्रॉल्यांमधून वाट काढत स्टँडकडे निघून गेली.